डिझाइन, एडिटिंग आणि रेकॉर्डिंगसाठी घरात नवा डेस्कटॉप घ्यावा का? सांगली-मिरजेतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाचे अल्बम लावणारे, नाटकाच्या ग्रुपसाठी पोस्टर आणि टीझर करणारे, दिवाळी अंकाची मांडणी घरी बसून करणारे, सतार-तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग करणारे असे बरेच जण सांगली, मिरज, कुपवाड भागात आहेत. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. सरकारी टेंडरपुरता टायपिंगचा कॉम्प्युटर किंवा मुलांच्या गेमिंगचा पीसी हा इथला विषय नाही.

माझा कॉम्प्युटर फार हळू चालतो. नवा घ्यायची वेळ आली का?

लगेच ठरवू नका. आधी तो कुठे अडतोय ते बघा, कारण ‘हळू चालतो’ या एका तक्रारीमागे चार वेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा खर्च वेगळा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सचं पान लावून ठेवा आणि तुमचं रोजचं सगळ्यात जड काम सुरू करा. खरं काम करा, नुसतं ब्राउझर उघडून बघू नका. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच बसली असेल तर रॅम कमी पडतेय. प्रोसेसर पूर्ण भरलेला दिसत असेल तरच प्रोसेसर बदलायचा विचार करा.

एक गोष्ट फसवी असते. फोटोशॉपमध्ये काम अडलेलं आहे, पण प्रोसेसर १५ टक्केच दिसतोय, असं बऱ्याचदा होतं. फोटोशॉपची कितीतरी कामं एकाच कोअरवर (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा एक भाग) चालतात. तो कोअर पूर्ण दमलेला असतो आणि बाकीचे मोकळे बसलेले असतात. आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोअर वेगळा दाखवायला सांगा, म्हणजे हे लगेच दिसतं. अशा वेळी जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊन उपयोग नाही. एकेक कोअर वेगवान असलेला नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो.

थोडक्या पैशांत सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो?

विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीने, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कने. याबाबत माझ्या मनात शंका नाही. हार्ड डिस्क सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला शंभर ते दोनशे एमबी देते, पण शेकडो बारीक फाइल एकदम मागितल्या की तिचा वेग पार कोसळतो. साधी साटा एसएसडी सेकंदाला पाचशे एमबीच्या पुढे जाते आणि बारीक फाइलीही झटपट देते. एनव्हीएमई प्रकारची त्याहून कितीतरी वेगवान असते, पण जुन्या मदरबोर्डवर तिची खाच नसते. त्यासाठी अडून राहू नका. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येणं हा मोठा पल्ला आहे, पुढचा टप्पा रोजच्या कामात तेवढा जाणवत नाही.

दुसऱ्या क्रमांकावर रॅम. अल्बम करणाऱ्यांना तिचं महत्त्व हिशेबाने समजेल. १२ बाय ३६ इंचांची एक शीट ३०० डीपीआयवर घेतली तर ती ३६०० गुणिले १०८०० पिक्सेलची होते, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. आठ बिट रंगात असा एकच भरलेला लेयर सुमारे ११७ एमबी खातो. पूर्ण शीट व्यापणारे दहा लेयर झाले की एक जीबीच्या पुढे गेलात. वर फोटोशॉपची हिस्टरी, शेजारी उघडी दुसरी शीट, व्हॉट्सअॅप आणि ब्राउझर. ८ जीबीच्या मशिनवर हे काम करणाऱ्याची चिडचिड होणारच. फोटोच्या कामाला १६ जीबी हवीच, मोठ्या शीट आणि ४के व्हिडिओ दोन्ही करत असाल तर ३२ जीबी.

फक्त एक लक्षात ठेवा: २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत. जुन्या मशिनमध्ये डीडीआर३ या जुन्या प्रकारची रॅम असेल तर ती पुढच्या मशिनमध्ये चालणार नाही, म्हणून तिच्यावर फार पैसे घालू नका.

मग जुन्याला ठिगळं लावणं कधी थांबवायचं?

रॅम, प्रोसेसर आणि मदरबोर्ड हे तिन्ही एकदम बदलावे लागणार असतील तेव्हा. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या मशिनचं असंच असतं. तिथे एसएसडी घालून साधं काम आणखी काही काळ निघेल, पण त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीवाल्यांची एक गैरसमजूत होते. आठव्या-नवव्या पिढीच्या सॉकेटचं (प्रोसेसर बसवायच्या जागेचं) नाव तेच आहे, म्हणून दुकानदार ‘बसेल’ म्हणतो. सहाव्या-सातव्या पिढीच्या नेहमीच्या बोर्डवर तो नवा प्रोसेसर चालत नाही. याउलट एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डवाल्यांचं नशीब चांगलं आहे. २०१७ च्या सुमारास एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरसोबत घेतलेल्या बऱ्याच बोर्डांवर बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ५००० मालिकेतला रायझन बसतो, तोही त्याच डीडीआर४ रॅमवर. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलची प्रोसेसर यादी असते, ती बघूनच पैसे द्या. घरच्या कामासाठी इतका मोठा फरक इतक्या कमी बदलात देणारी सोय दुसरी मला माहीत नाही.

कॅबिनेट, मॉनिटर, एसएसडी, कीबोर्ड हे सगळं नव्या मशिनला चालतं. एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) मात्र जुना असेल तर बदलाच.

विंडोज १० बंद झालं म्हणतात. तेवढ्यासाठी नवा घ्यावा लागेल?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. कॉम्प्युटर चालायचा थांबत नाही, पण सुरक्षेचे अपडेट बंद होतात. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची जी योजना दिली, ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतची.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. अनेक बोर्डांत टीपीएम असतं, पण बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं. ते चालू केलं की काम होतं. त्यामुळे ‘तुमचा चालणार नाही’ हे ऐकून घाबरू नका, आधी तपासा. अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारेही भेटतात. ज्या मशिनवर लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत, त्यावर हा प्रयोग मी करू देणार नाही.

क्रिता, इंकस्केप, ब्लेंडर या चित्र-डिझाइनच्या सॉफ्टवेअरवरच तुमचं काम होत असेल तर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम हा चांगला मार्ग आहे. अडोबी, कोरल आणि जुन्या मराठी फाँटवर पोट असेल तर नाही.

माझं सगळं मराठी काम पेजमेकर आणि जुन्या फाँटमध्ये आहे. नव्या मशिनवर ते उघडेल का?

हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही आणि घरी आल्यावर डोक्याला हात लावायची वेळ येते. म्हणून इथे सविस्तर.

पेजमेकर हे पानांची मांडणी करायचं अडोबीचं जुनं सॉफ्टवेअर. पेजमेकर ७ ही त्याची शेवटची आवृत्ती, २००१ सालची. अडोबीने नंतर सगळा भर इनडिझाइन या नव्या मांडणीच्या सॉफ्टवेअरवर दिला. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फाइल उघडत, नंतरच्या सीसी आवृत्त्या उघडत नाहीत. म्हणजे आज नवं मशिन आणि आजचं इनडिझाइन घेतलंत, तर वीस वर्षांचे अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका यांतली एकही पेजमेकर फाइल थेट उघडणार नाही.

दुसरी अडचण फाँटची. श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे कोणत्याही मशिनवर वाचता येणाऱ्या पद्धतीतला, नसतो. फाँट नसलेल्या मशिनवर तो निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. यातली काही सॉफ्टवेअर डोंगल (परवान्याची किल्ली म्हणून लावायचा छोटा तुकडा) लावल्याशिवाय चालत नसत, आणि फार जुने डोंगल प्रिंटरच्या रुंद पोर्टला बसायचे. तो पोर्ट नव्या बोर्डवर शक्यतो नसतोच. शिवाय विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, त्यावर जुनी १६ बिट सॉफ्टवेअर आणि इन्स्टॉलर चालत नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवा. जुनं मशिन चालू आहे तोवर प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची फाँटसह पीडीएफ काढा. पुन्हा वापरायचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं डोळ्यांखालून घातल्याशिवाय विश्वास ठेवू नका. डोंगलवालं सॉफ्टवेअर असेल तर नव्या विंडोजवर चालणारी आवृत्ती आहे का, ते विक्रेत्याला आधी विचारा. एवढं झाल्यावरच नवं मशिन आणा. जुनं मशिन इंटरनेट काढून एका कोपऱ्यात ठेवता आलं तर फारच चांगलं.

इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी वापरताना परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं तुटतात आणि लोक दोष कॉम्प्युटरला देतात. फुकट पर्याय हवा असेल तर स्क्रायबस या मांडणीच्या सॉफ्टवेअरची १.६ आवृत्ती देवनागरी जोडाक्षरं नीट दाखवते.

ड्रोन आणि फोनचे ४के शॉट टाइमलाइनवर अडखळतात. त्यासाठी काय लागेल?

इथे नवं मशिन खरोखर पैसे वसूल करतं. नव्या फोनचे आणि ड्रोनचे व्हिडिओ बऱ्याचदा एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ पद्धतीने दाबलेले असतात. ते उलगडायला प्रोसेसरच्या आत वेगळा विभाग असला तर काम हलकं होतं, नसला तर मुख्य कोअर त्यातच गुंतून पडतात. इंटेलच्या सातव्या पिढीपासूनचं अंतर्गत ग्राफिक्स दहा बिट एचईव्हीसी उलगडतं. मिररलेस कॅमेऱ्यावर ४:२:२ दहा बिटमध्ये (रंगांची जास्त माहिती साठवणाऱ्या पद्धतीने) शूट करत असाल तर डेस्कटॉपमध्ये अकरावी पिढी किंवा त्यापुढची हवी. एनव्हिडियाच्या कार्डांत ४:२:२ ची सोय २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत आली, त्याआधीच्या महागड्या कार्डांतही नव्हती. म्हणून एडिटिंगसाठी इंटेल घेताना नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसतं.

पण खरेदीआधी प्रॉक्सी वापरून बघा. प्रीमियर आणि दाविंची रिझॉल्व्ह ही दोन्ही एडिटिंगची सॉफ्टवेअर मूळ व्हिडिओच्या हलक्या प्रती करून देतात, त्यावर कटिंग करायचं, शेवटचं एक्स्पोर्ट मूळ फाइलवरून होतं. प्रती रात्री करायला लावून झोपायचं. महिन्यातून एखादं काम येत असेल तर एवढ्यावर भागतं. दर आठवड्याला लग्न असेल आणि गिऱ्हाईक शेजारी बसून ‘हे जरा मागे घ्या’ म्हणत असेल, तर नवं मशिन घ्या.

साठवणुकीचाही विचार करा. १०० मेगाबिटने शूट केलेला व्हिडिओ मिनिटाला ७५० एमबी होतो, तासाला ४५ जीबी. दोन कॅमेऱ्यांचं एक लग्न किती जागा घेईल ते यावरून काढा.

ग्राफिक कार्ड घ्यावंच लागतं का?

फोटो, पत्रिका, फ्लेक्स आणि अंकाच्या मांडणीसाठी नाही. रिझॉल्व्हमध्ये कलर ग्रेडिंग आणि ब्लेंडरमध्ये रेंडर करत असाल तर हो, आणि तिथे कार्डाची स्वतःची मेमरी महत्त्वाची. ८ जीबी कमीतकमी, १२ असेल तर निवांत.

मिरजेत सतार-तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग घरी करतो. त्याला नवा पीसी लागेल?

बहुतेक वेळा नाही, आणि हे सांगताना मला आनंदच होतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका माइकचा एक मिनिट आवाज सुमारे ८.६ एमबी होतो. चार माइक तासभर चालू ठेवले तरी दोन जीबीच्या आसपास. एसएसडी घातलेलं आठ-दहा वर्षांपूर्वीचं आय५ मशिन हे सहज पेलतं. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर तो प्रश्न ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), त्याचा एएसआयओ ड्रायव्हर आणि बफरचा (आवाज पुढे जाण्याआधी क्षणभर साठवायच्या जागेचा) असतो. ४८ किलोहर्ट्झवर २५६ सँपलचा बफर म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद.

पैसे इंटरफेस, माइक आणि खोलीच्या शांततेवर घाला. तरफा छेडल्यानंतरची आस आणि तंबोऱ्याची जवारी विरत जाते तेव्हाच कॅबिनेटच्या पंख्याची घरघर ऐकू येते, आणि नंतर ती काढायला गेलं की आसही कापली जाते. कॅबिनेट लांब वायरने शेजारच्या खोलीत ठेवता आलं तर नव्या प्रोसेसरपेक्षा त्याने रेकॉर्डिंग जास्त सुधारेल.

मॉनिटर जुनाच चालेल ना?

फोटोचं काम असेल तर सगळ्यात आधी मॉनिटर बदला. आयपीएस पॅनेल (बाजूने बघितलं तरी रंग फारसा न बदलणारा पडदा) आणि पूर्ण एसआरजीबी (रंगांची ठरलेली मोजपट्टी) रंग एवढं तरी हवं. जुन्या स्वस्त पॅनेलवर मान थोडी हलवली की नवरीच्या शालूचा रंग बदलतो, मग लॅबमधून आलेली प्रिंट वेगळी दिसते आणि भांडण लॅबशी होतं. लॅबला त्यांचं आयसीसी प्रोफाइल (छपाईचे रंग जुळवायची फाइल) मागा. चांगला मॉनिटर पुढच्या दोन कॉम्प्युटरना पुरतो.

मॅक मिनी घेतला तर?

व्हिडिओसाठी उत्तम वस्तू आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला एम४ मॅक मिनी भारतात ५९,९०० रुपयांपासून सुरू झाला, १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबी साठवणुकीसह. ४:२:२ एचईव्हीसीही तो सहज उलगडतो, आवाज जवळजवळ करत नाही, वीज कमी खातो. पण मेमरी नंतर वाढवता येत नाही, आणि २५६ जीबी म्हणजे वर हिशेब केला तसे पाच तासांचे व्हिडिओ. बाहेरची एसएसडी धरूनच किंमत मोजा. मराठी फाँटचं जुनं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते मॅकवर चालतं का, हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या.

डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप का नको?

गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काम दाखवायचं असेल तर लॅपटॉप घ्या. एका जागी बसून काम असेल तर त्याच पैशात डेस्कटॉप जास्त वेळ गरम न होता चालतो आणि बिघडला तर एक पार्ट बदलून भागतं. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात हा फरक चांगलाच जाणवतो.

वीज, धूळ आणि पूर यांचं काय?

यूपीएसला पर्याय नाही. तासाभराचं रेंडर ५५ मिनिटांवर गेलेल्या विजेमुळे वाया जाणं म्हणजे काय, ते इथे एडिटिंग करणाऱ्याला सांगावं लागत नाही. यूपीएसवर लिहिलेला व्हीए आकडा म्हणजे वॉट नव्हेत. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतो, ग्राफिक कार्डवाल्या मशिनला तो पुरत नाही. धुळीसाठी कॅबिनेटची जाळी दर दोन-तीन महिन्यांनी ब्रशने साफ करा. हळदीच्या व्यापाराच्या आसपास राहत असाल तर त्याहून लवकर.

पुराचं मात्र मनापासून सांगतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. गावभागात, नदीकाठच्या गल्ल्यांत तळमजल्यावर काम करत असाल तर कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर ठेवू नका आणि पावसाळ्याआधी सगळ्या कामाची एक प्रत शहराच्या वरच्या भागात किंवा विट्याला, तासगावला कोणा नातेवाइकाकडे ठेवून या. कॉम्प्युटर पुन्हा घेता येतो. लोकांच्या लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. नव्या मशिनच्या बजेटमध्ये पहिला आकडा बॅकअपच्या दोन डिस्कचा लिहा, उरलेल्यात प्रोसेसर बसवा.

कुठून घ्यावा? सांगलीत, पुण्याहून की ऑनलाइन?

पुण्यात आणि ऑनलाइन पर्याय जास्त असतात, कधी किंमतही कमी असते. तरी पहिल्यांदा असेंबल करून घेत असाल तर सांगलीतल्याच, दुरुस्तीला माणूस पाठवणाऱ्या दुकानातून घ्या. ऐन लग्नसराईत मशिन बंद पडलं तर पुण्याची फेरी परवडत नाही.

बिल जीएसटीचं आणि प्रत्येक पार्टच्या सिरियल नंबरसह घ्या, कारण असेंबल केलेल्या मशिनमध्ये प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी असते. बॉक्समधल्या प्रोसेसरला साधारणपणे तीन वर्षं मिळतात. कोटेशनमध्ये ‘१६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ५०० वॉट एसएमपीएस’ एवढंच लिहिलेलं असेल तर कंपनी आणि मॉडेल लिहून मागा. स्वस्त कोटेशनमधली बचत बहुतेक वेळा एसएमपीएसमध्ये केलेली असते, आणि खराब एसएमपीएस जाताना सोबत बोर्डही नेतो.

कंपन्यांतून बाहेर पडलेले आठव्या-नवव्या पिढीचे रिफर्बिश्ड पीसी फोटो आणि मांडणीच्या कामाला चांगले असतात. फक्त छोट्या कॅबिनेटवाल्यांत एसएमपीएस खास मापाचा असतो, पुढे मोठं ग्राफिक कार्ड घालता येत नाही.

मला यातून पैसे मिळत नाहीत, फक्त हौस आहे. तरी घ्यावा का?

घरखर्च सांभाळून घेता येत असेल तर जरूर घ्या. निवृत्तीनंतर नातवंडांचे व्हिडिओ जोडणाऱ्या, बायकोच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसांना ‘कमाई किती होणार’ हा प्रश्न विचारू नये असं मला वाटतं. फक्त कर्ज किंवा ईएमआय काढून घेऊ नका, आणि आधी एसएसडी घालून बघा. हौशी कामाचं निम्मं समाधान तेवढ्यातच होतं.

नवा घेतल्यावर जुन्याचं काय करू?

पहिला महिनाभर काहीच नाही, तसाच ठेवा. एखादा फाँट, एखादं प्लगइन, एखादा पासवर्ड मागे राहिलेला असतोच. नंतर तो बॅकअप ठेवायला, स्कॅनर चालवायला किंवा शाळकरी भाचीला द्यायला उपयोगी पडतो. बाहेर देताना हार्ड डिस्क काढून स्वतःकडे ठेवा, नुसतं फॉरमॅट करून देऊ नका. क्विक फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून गिऱ्हाइकांचे फोटो परत काढता येतात. आणि पूर्ण निकामी झाला असेल तर भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलनात द्या.